खूश कर्मचारी आणि न हलणारी फाइल

सरकारी नोकरांच्या समाधानाबद्दल दोन मतं कायम ऐकू येतात. कर्मचारी संघटना म्हणतात, माणूस समाधानी असेल तर काम आपोआप चांगलं होतं, तेव्हा पगार, बढती, रजा, निवृत्तिवेतन यांकडे नीट लक्ष द्या. खिडकीसमोर ताटकळणारा नागरिक म्हणतो, यांना काय कमी आहे? नोकरी पक्की, पगार वेळेवर, तरी टेबलावरचा कागद हलत नाही. यांना थोडा धाक हवा. दोन्ही मतं एकमेकांच्या विरोधात उभी आहेत असं वाटतं, पण गृहीत दोघांचं एकच आहे. समाधान नोकरीच्या अटींतून येतं आणि ते कमी-जास्त केलं की कामही कमी-जास्त होतं. एकजण नळ सोडायला सांगतो, दुसरा आवळायला, आणि माझ्या मते दोघांनी धरलेला नळच चुकीचा आहे.

हे गृहीतक इंडोनेशियात फार कसोशीने तपासलं गेलं. तिथे २००५च्या कायद्याने शिक्षकांना प्रमाणपत्र मिळाल्यावर मूळ पगाराइतका भत्ता, म्हणजे जवळपास दुप्पट पगार, देण्याची तरतूद झाली. सगळ्यांना एकदम देणं शक्य नव्हतं, टप्प्याटप्प्यानेच द्यायचं होतं. याचा फायदा घेऊन अर्थतज्ज्ञांच्या एका गटाने ३६० सरकारी शाळा घेतल्या. त्यांतल्या चिठ्ठ्या टाकाव्यात तशा निवडलेल्या १२० शाळांमधल्या पात्र शिक्षकांना रांगेत पुढे आणलं आणि बाकीच्या २४० शाळांशी तुलना केली. निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. शिक्षक आपल्या उत्पन्नाबाबत जास्त समाधानी झाले होते. पैशाची ओढाताण कमी झाली होती, जोडधंदा करणाऱ्यांचं प्रमाण घटलं होतं. पगारवाढीच्या बाजूने जे जे सांगितलं जातं ते सगळं घडलं होतं. मुलांच्या शिकण्यात मात्र दोन वर्षांनी फरक नव्हता आणि तीन वर्षांनीही नव्हता.

यावरून ‘शिक्षकच आळशी’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यातून वेगळंच दिसतं. वाढलेल्या पगाराने शिक्षकाचं घर बदललं, वर्ग बदलला नाही. वर्गातली मुलं तेवढीच, त्यांच्यातले मागे पडलेले तेवढेच, शिकवण्याची पद्धत तीच, आणि चांगलं शिकवलं तर ते कोणाच्या लक्षात येईल ही शक्यताही तेवढीच. समाधान वाढलं हे खरं. ते पगारपत्रकातून आलेलं समाधान होतं आणि ते पगारपत्रकापाशीच राहिलं.

मानसशास्त्रज्ञ गेली सत्तर-ऐंशी वर्षं या प्रश्नाशी झगडत आहेत. समाधान आणि कामगिरी यांतला सहसंबंध मुळीच नसेल तर शून्य आणि तंतोतंत असेल तर एक, अशा मोजपट्टीवर १९८५ सालच्या एका मोठ्या संकलनात तो ०.१७ इतका किरकोळ निघाला. २००१ मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी ३१२ नमुन्यांतले चोपन्न हजारांवर कर्मचारी एकत्र घेऊन पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा तो ०.३० आला. म्हणजे संबंध आहे, पण ‘खूश ठेवा, काम होईल’ या सूत्राला पुरेल इतका नाही. शिवाय कोण कोणामुळे हा प्रश्न उरतोच. एडवर्ड लॉलर आणि लायमन पोर्टर यांनी १९६७ मध्येच बाण उलटा फिरवून दाखवला होता: माणूस चांगलं काम करतो, त्याची दखल घेतली जाते, त्याचं काही फळ मिळतं आणि म्हणून तो समाधानी होतो. हा उलटा बाण मला जास्त पटतो. सरकारी कार्यालयात तो नेमका मधल्या कडीपाशी तुटतो. काम केलं, दखल नाही.

पण आधी सरकारी काम चांगलं झालं म्हणजे काय झालं, हे ठरवायला हवं. दुकानात विक्री वाढते, कारखान्यात नग वाढतात. कार्यालयात काय वाढतं?

समजा एक बाई पतीच्या निधनानंतर कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज घेऊन खिडकीशी आल्या आहेत. अर्जाला तीन कागद कमी आहेत. पहिला कर्मचारी कागद वरून चाळतो आणि पहिली त्रुटी दिसते तिथेच थांबतो. ‘हा दाखला नाही, घेऊन या.’ पुढच्या आठवड्यात बाई दाखला आणतात तेव्हा दुसरी त्रुटी निघते, त्याच्या पुढच्या खेपेला तिसरी. दुसरा कर्मचारी अर्ज शेवटपर्यंत बघतो. तिन्ही त्रुटी एका चिठ्ठीवर लिहून देतो, त्यातला एक कागद याच इमारतीत वरच्या मजल्यावर मिळतो हे सांगतो. बँकेच्या पासबुकात आडनाव वेगळं छापलंय, ते आधी दुरुस्त करून घ्या, नाहीतर मंजूर झालेले पैसे परत जातील, असंही बजावतो. नियमाच्या भाषेत दोघांनी एकच गोष्ट केली: अपूर्ण अर्ज परत केला. पहिल्याला कोणी कारणे दाखवा नोटीस काढू शकत नाही. दुसऱ्याची कुठे नोंद होत नाही. उलट महिनाअखेरच्या तक्त्यात पहिल्याच्या नावावर जास्त अर्ज ‘निकाली’ निघालेले दिसतात, कारण त्याने एकच अर्ज तीनदा निकाली काढलेला असतो.

फाइलवरही तेच. ‘उचित कार्यवाहीस्तव सादर’ एवढं लिहून फाइल वर ढकलता येते. किंवा प्रकरण काय आहे, अडलंय कुठे, कोणता नियम लागतो, पूर्वी अशा प्रकरणात काय निर्णय झाला होता आणि आपली शिफारस काय, हे पानभर मांडता येतं. पहिल्या टिपणीत लिहिणारा कधीच अडकत नाही. दुसरीत अडकू शकतो. ज्याने नोकरीत एक-दोन चौकश्या पाहिल्या आहेत तो पहिल्या टिपणीकडे का वळतो, हे समजायला फार बुद्धी लागत नाही.

सरकारी कामाचा कस या मधल्या जागेत लागतो, जिथे नियम सक्ती करत नाही आणि अडवतही नाही. व्यवस्थापनाचे अभ्यासक डेनिस ऑर्गन यांनी १९७७ मध्ये असाच मुद्दा मांडला होता: समाधानाचा परिणाम मोजता येणाऱ्या उत्पादनात शोधू नका, तो सहकार्यात, स्वतःहून केलेल्या मदतीत, टाळता आलं असतं तरी न टाळलेल्या कामात शोधा. खाजगी कंपनीत अशी कामं मुख्य कामाच्या कडेला असतात. सरकारी कार्यालयात नागरिकाच्या दृष्टीने तेच मुख्य काम असतं. म्हणून समाधानाचा प्रश्न इथे जास्त महत्त्वाचा आहे, आणि तो आकड्यांत पकडणंही इथेच जास्त अवघड आहे. आकड्यांवर फार भर दिला की काय होतं ते अमेरिकेत २०१४ मध्ये दिसलं. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयांत रुग्णाला चौदा दिवसांत वेळ द्यायचं लक्ष्य होतं. फिनिक्समध्ये खऱ्या प्रतीक्षायाद्या वेगळ्या ठेवल्या गेल्या आणि कागदावरचं लक्ष्य उत्तम गाठलं गेलं.

मग या मधल्या जागेत माणूस स्वतःहून पाऊल कधी टाकतो? इटलीतल्या एका सरकारी रुग्णालयात निकोला बेल्ले या संशोधकाने ९० परिचारिकांना घेऊन केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काम साधं होतं: युद्धाची झळ बसलेल्या प्रदेशात पाठवण्यासाठी शस्त्रक्रियेच्या साहित्याचे संच जुळवायचे. काही जणींची अशा मदतीचा लाभ झालेल्या माणसाशी गाठ घालून दिली, काही जणींची नाही. ज्यांची गाठ पडली त्यांनी जास्त वेळ काम केलं, जास्त संच जुळवले आणि चुका जास्त नेमक्या पकडल्या. भत्ता नाही, बक्षीस नाही, धाकही नाही. आपल्या हातातला संच पुढे कुठे जातो एवढं त्यांना दिसलं.

म्हणजे पहिली गोष्ट, आपल्या कामाचं फळ दिसणं. आता सरकारी कामाची रचना बघा. अर्ज आवक शाखेत येतो, छाननी दुसऱ्या टेबलावर, टिपणी तिसऱ्या, मंजुरी वरच्या मजल्यावर, रक्कम चौथ्याच कार्यालयातून, आणि जावक शाखा पत्र पाठवते. छाननी करणाऱ्याला त्या बाईंचं निवृत्तिवेतन सुरू झालं की नाही हे कधीच कळत नाही. त्याच्याकडे परत येते ती फक्त तक्रार. काम सुरळीत झालं तर शांतता, बिघडलं तर खुलासा मागवणारं पत्र. वीस-पंचवीस वर्षं ज्याला स्वतःच्या कामाची फक्त वाईट बातमी मिळत राहते, त्याने उत्साह टिकवावा ही अपेक्षा जरा जास्तच आहे. हे विभाजन अपहार टाळायला केलं गेलं आणि त्यामागचं कारण योग्यच होतं. पण प्रकरण संपल्यावर ते ज्या ज्या टेबलावरून गेलं त्या सगळ्यांना निकाल कळवायला कोणत्या नियमाची आडकाठी आहे? संगणकीकरण झालेल्या कार्यालयात तर हे एका संदेशाचं काम आहे. आपण संगणक आणले ते विलंबाचा तक्ता काढायला. झालेलं काम करणाऱ्याला दाखवायला ते संगणक वापरावेत, हे कोणाच्या मनात आलेलं दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिकाराची. अर्थतज्ज्ञ इम्रान रसूल आणि डॅनियल रॉगर यांनी नायजेरियाच्या केंद्रीय नागरी सेवेतल्या ६३ संस्था आणि त्यांचे सुमारे ४,७०० प्रकल्प तपासले. विहिरी, रस्ते, शाळा, दवाखाने अशा कामांचा त्यात समावेश होता. ज्या संस्थांमध्ये अधिकाऱ्यांना स्वतः निर्णय घेण्याची मोकळीक जास्त होती, तिथे प्रकल्प पूर्ण होण्याचं प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी जास्त दिसलं. जिथे देखरेख आणि प्रोत्साहनाच्या योजनांचा जोर जास्त होता, तिथे ते सुमारे १४ टक्क्यांनी कमी दिसलं. हा सहसंबंध आहे, कारणाचा पुरावा नाही, हे लक्षात ठेवूनही आकडे विचार करायला लावणारे आहेत. कारण भ्रष्टाचाराची भीती जिथे खरी आहे अशाच देशातून ते आले आहेत, आणि अशा ठिकाणी ‘मोकळीक दिली तर लूट होईल’ हे वाक्य वादच संपवून टाकतं.

अधिकार नसणं माणसाला आतून किती पोखरतं, याचा सगळ्यात बोलका पुरावा कार्यक्षमतेच्या अभ्यासातून नव्हे, हृदयरोगाच्या अभ्यासातून आला. लंडनमधल्या १०,३०८ सरकारी कर्मचाऱ्यांचा १९८५पासून पाठपुरावा करणाऱ्या व्हाइटहॉल अभ्यासात, आपल्या कामावर आपलं नियंत्रण कमी आहे असं ज्यांचं चित्र होतं त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त आढळला. हे सगळे पक्क्या नोकरीतले, नियमित पगार घेणारे लोक होते. ‘यांना काय कमी आहे’ या प्रश्नाचं एक उत्तर इथे आहे.

तिसरी गोष्ट न्यायाची. तिच्याबद्दल सरकारी नोकरीत असलेला कोणीही तासभर बोलेल. कार्यालयात जो काम करतो त्यालाच काम मिळतं. साहेबांना तातडीचं उत्तर हवं असतं, ते त्यालाच बोलावतात, कारण तो करून देतो. शेजारच्या टेबलावरचा रजेवर गेला की त्याचं टेबलही याच्याकडे. न्यायालयीन प्रकरण, लेखापरीक्षणाचे आक्षेप, माहिती अधिकाराची उत्तरं, सगळं हळूहळू एकाच खुर्चीपाशी येऊन साचतं. जास्त कागद हाताळतो म्हणून त्याच्याच हातून जास्त चुका होतात आणि खुलाशाची पत्रंही त्यालाच येतात. दुसऱ्याची पाटी कोरी राहते, कारण तिच्यावर काही लिहिलंच जात नाही. बढती सेवाज्येष्ठतेने दोघांना एकाच दिवशी मिळते. मग करणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात: आपणही शिकून घ्यायचं की ‘मला हे येत नाही’ हे वाक्य किती उपयोगी आहे, किंवा चिडत, थकत, करत राहायचं. पहिली वाट धरणारे मी खूप पाहिले आहेत आणि त्यांना दोष द्यायला मला जड जातं. एकाच टेबलावर एकाच प्रकारचं काम करणारा कंत्राटी माणूस शेजाऱ्याच्या काही अंशांत पगार घेत असेल, तर या हिशेबात आणखी एक कडवट ओळ जमा होते. पगार किती, यापेक्षा शेजाऱ्याच्या तुलनेत किती, हे जास्त टोचतं.

न्याय दिसला तर काय होतं याचं उदाहरण पाकिस्तानच्या पंजाब प्रांतात आहे. तिथे मालमत्ता कराच्या ५२५ निरीक्षकांवर दोन वर्षं एक प्रयोग झाला. बदलीसाठी शिफारशी नाहीत, फेऱ्या नाहीत. कामगिरीनुसार क्रम लावायचा, पहिल्या क्रमांकाने आपल्याला हवी ती जागा आधी निवडायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. खजिन्यावर जवळपास काहीच भार नाही. करवसुलीच्या वाढीचा वेग ३० ते ४१ टक्क्यांनी वाढला. मुलांच्या शाळेजवळची, आईवडिलांच्या घराजवळची, ओळखीच्या भागातली नेमणूक सरकारी नोकराला किती मोलाची वाटते हे प्रत्येक प्रशासनाला ठाऊक आहे, आणि नेमकी हीच गोष्ट बहुतेक ठिकाणी वशिल्याने वाटली जाते. आपल्या हातातलं सगळ्यात प्रभावी बक्षीस प्रशासन फुकट घालवतं, आणि मग प्रेरणावर्धक व्याख्यानाला वक्ता बोलावतं.

इथे धाकाची बाजू मांडणारे म्हणतील, हे सगळं ठीक, पण आधी माणूस कामावर यायला तर हवा. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सहा विकसनशील देशांतल्या शाळा-दवाखान्यांना न सांगता भेटी देऊन केलेल्या, २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १९ टक्के शिक्षक आणि ३५ टक्के आरोग्य कर्मचारी गैरहजर आढळले. जो जागेवरच नाही त्याच्या समाधानाची चिंता नागरिकाने का करावी? पण धाकाचाही प्रयोग झालेला आहे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात सरकारी परिचारिकांची हजेरी वेळेचा शिक्का मारणाऱ्या यंत्राने घेऊन पगाराला जोडली. सुरुवातीला हजेरी चांगलीच वाढली. मग आरोग्य प्रशासनानेच ‘सूट असलेले दिवस’ वाढवत नेले आणि सोळा महिन्यांनी यंत्र असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरक उरला नाही. धाक टिकवायलाही वरच्या पायरीवर कोणीतरी काम मनावर घेणारा लागतो. तोही त्याच यंत्रणेतला कर्मचारी असतो, आणि त्याच्याही समाधानाचे हेच प्रश्न असतात.

पगाराबाबत एक गैरसमज होऊ नये. इंडोनेशियाचा निष्कर्ष दाखवून कोणी वेतनवाढ अडवायला निघालं तर ते त्या पुराव्याशी बेइमानी ठरेल. आधीच नोकरीत असलेल्यांना बिनशर्त दिलेली वाढ आणि भरतीच्या वेळी जाहीर केलेला पगार यांचे परिणाम वेगळे असतात. मेक्सिकोत एका सरकारी कार्यक्रमाच्या भरतीत काही ठिकाणी ३,७५० आणि काही ठिकाणी ५,००० पेसो मासिक पगार जाहीर केला गेला. जास्त पगाराच्या जाहिरातीला जास्त कुवतीचे उमेदवार आले, आणि त्यांची लोकसेवेची ओढही कमी नव्हती. पगार कोण येतो हे ठरवतो. आलेला माणूस सोमवारी सकाळी खिडकीवर बसून ती तीन त्रुटींची चिठ्ठी लिहील की नाही, हे पगाराच्या हातात नसतं.

राहता राहिलं समाधानाचं मोजमाप. ब्रिटनमध्ये २००९पासून नागरी सेवेत दरवर्षी पाहणी होते, अमेरिकेत संघराज्य कर्मचाऱ्यांची अशी पाहणी २००२ मध्ये सुरू झाली, आणि अशा पाहण्या आता इतरत्रही रुजत आहेत. त्यांचा धोका सरासरीत आहे. दोन कार्यालयांचा आकडा सारखाच, समजा सत्तर टक्के समाधानी, येऊ शकतो. एकात राबणारे समाधानी आणि टाळणारे कुरकुरणारे. दुसऱ्यात टाळणारे सुखात आणि राबणारे मेटाकुटीला. तक्त्यात दोन्ही कार्यालयं शेजारीशेजारी एकाच रंगात रंगवली जातात, आणि दुसऱ्या कार्यालयाचा प्रमुखही समाधानाने मान डोलावतो. नोकरीत रुळलेला, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला, वरकमाईही असलेला माणूस तर शंभर टक्के समाधानी असतो. त्याचं समाधान कमी झालं तर मला आनंदच होईल.

कोण समाधानी आहे हे जाणून घ्यायला निनावी पाहणीची फार गरजही नाही. कोणत्या टेबलावरून गेल्या तीन वर्षांत किती जणांनी बदली मागितली, त्या मागणाऱ्यांच्या गोपनीय अहवालात काय शेरे होते, त्यांच्या जागी यायला कोणी तयार झालं का, आणि त्याच काळात कोणत्या टेबलावरून एकही अर्ज आला नाही, ही सगळी माहिती आस्थापना शाखेच्या कपाटात आधीच पडून आहे. कोणीतरी ती काढून एका कागदावर मांडायची आहे, आणि बहुधा ते कामही त्या एकाच खुर्चीकडे जाईल.